इंग्लंडच्या कालव्यावर नॅरोबोटीत राहण्याची तयारी

लंडनच्या पश्चिमेस स्लाऊ, साउथॉल किंवा ॲल्पर्टन भागात राहणाऱ्या मराठी मंडळींच्या फिरण्याच्या वाटेवरच ग्रँड युनियन कालवा किंवा त्याची एखादी शाखा लागते. काठाला बांधलेल्या रंगीत नॅरोबोटी, म्हणजे कालव्यावरच्या अरुंद लांबट बोटी, आणि त्यांच्या धुराड्यांतून निघणारा धूर पाहून ‘एवढे घरभाडे भरण्यापेक्षा हे काय वाईट?’ असा विचार अनेकांच्या मनात येऊन जातो. तो विचार अगदीच खुळा नाही. मात्र जे भाडे वाचते त्यातला बराचसा भाग बोटीच्या देखभालीत जातो आणि उरलेला स्वतःच्या अंगमेहनतीच्या रूपाने चुकवावा लागतो. पाणी, वीज, गॅस, सरपण आणि मैला या सर्वांची ने-आण येथे स्वतः करावी लागते. ज्यांना काठावरची कायमची जागा न घेता फिरत्या बोटीवर राहायचे आहे, त्यांच्यासाठी पुढील मार्गदर्शन आहे.

बोटीवर रोजची कामे इतकी असतात की कोणते आधी करावे हे कळेनासे होते. त्यासाठी एक कसोटी लावावी: हे काम राहिले तर बोट बुडेल का, आतल्या माणसांच्या जिवावर बेतेल का, परवाना जाईल का, की नुसती गैरसोय होईल? नवखा मालक बहुधा शेवटच्या प्रकारापासून सुरुवात करतो, म्हणजे पडदे, कपाटे आणि वायफाय यांपासून. आणि पहिल्या तीन प्रकारांकडे थंडी सुरू झाल्यावर वळतो.

बोट पाहताना

नॅरोबोटीची रुंदी सुमारे ६ फूट १० इंच असते, कारण अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली याने मध्य इंग्लंडच्या कालव्यांवर जी लॉक (पाणी भरून किंवा सोडून बोटीला वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या, दोन्ही टोकांना दरवाजे असलेल्या खोल्या) बांधली ती जेमतेम ७ फूट रुंदीची होती आणि आजही तीच वापरात आहेत. लांबी ७० फुटांपर्यंत असू शकते. परंतु उत्तरेकडील काही लॉक आखूड असल्याने देशभर मोकळेपणाने फिरायचे असेल तर ५७ फुटांच्या पुढे जाऊ नये. कॅल्डर अँड हेबल या जलमार्गावर त्याहून लांब बोटीची पंचाईत होते. ज्यांना लंडन आणि बर्मिंगहॅम यांच्या दरम्यानच वावरायचे आहे त्यांनी मोठी बोट घेण्यास हरकत नाही, पण बोट जितकी लांब तितक्या तिला वळवण्याच्या जागा कमी, हे विसरू नये.

जुनी बोट घेताना अंतर्गत सजावटीपेक्षा पोलाद पाहावे. बांधणीच्या वेळच्या पत्र्याच्या जाडीचे आकडे साधारणपणे १०, ६ आणि ४ असे सांगितले जातात: तळ १० मिलिमीटर, बाजू ६ आणि वरचे छप्पर ४. पाण्याखालचा भाग गंजत जातो, आणि तो किती उरला आहे हे बोट पाण्याबाहेर काढून अल्ट्रासाउंड यंत्राने मोजल्याशिवाय कळत नाही. ही तपासणी खरेदीदाराने स्वतः नेमलेल्या सर्वेक्षकाकडून करून घ्यावी. विक्रेत्याने दाखवलेल्या जुन्या अहवालावर विसंबू नये. बाजूची जाडी ४ मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर विमा कंपन्या कुरकुर करतात आणि वरून नवा पत्रा डाग देऊन बसवण्याचा मोठा खर्च मागे लागतो.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. बोटीला ‘बोट सेफ्टी स्कीम’चे प्रमाणपत्र आहे म्हणजे बोट भक्कम आहे, असा अर्थ होत नाही. दर चार वर्षांनी होणारी ही तपासणी गॅस, विजेची जोडणी, इंधन, अग्निशामके आणि वायुवीजन यांपुरती असते. तळाला भोक पडायला आले आहे की नाही याच्याशी तिला कर्तव्य नसते.

परवाना आणि चौदा दिवसांचा नियम

इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे २,००० मैलांचे कालवे व नद्या २०१२ पासून ‘कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट’ या धर्मादाय संस्थेकडे आहेत. थेम्स नदीचा भरती-ओहोटी नसलेला भाग एन्व्हायर्नमेंट एजन्सीकडे असल्याने तेथे वेगळी नोंदणी लागते. ट्रस्टचा परवाना मिळण्यासाठी तीन गोष्टी हव्यात: सुरक्षा प्रमाणपत्र, विमा, आणि एकतर बोटीची कायमची जागा किंवा सतत फिरत राहण्याची हमी. ही तिसरी अट १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यातून आली आहे. ज्याला कायमची जागा नाही त्याने बोट प्रामाणिकपणे प्रवासासाठी वापरावी आणि कोणत्याही एका ठिकाणी सलग १४ दिवसांहून अधिक थांबू नये, असे तो कायदा सांगतो.

चौदाव्या दिवशी बोट दोनशे मीटर पुढे नेऊन बांधली की नियम पाळला, अशी पळवाट काढणारे पुष्कळ आहेत. ट्रस्टचे कर्मचारी काठाने फिरून बोटींचे क्रमांक नोंदवतात, आणि वर्षभराच्या नोंदींत बोट त्याच दोन पुलांच्या मध्ये घुटमळताना दिसली तर नूतनीकरणाच्या वेळी अडवणूक होते. वर्षभरातला एकूण पल्ला २० मैलांच्याही आत असेल, तर ट्रस्टचे समाधान होणे कठीण असते. नोकरी एका ठिकाणी आणि मुलांची शाळाही तेथेच असेल, तर हा नियम दर पंधरवड्याला जाचतो. अशा कुटुंबाने फिरत्या परवान्याच्या नादी न लागता जागा भाड्याने घेणेच शहाणपणाचे. त्यातही जागा घेताना ती राहण्यासाठी आहे की केवळ विरंगुळ्याची बोट ठेवण्यासाठी, हे करारात वाचून घ्यावे, कारण दुसऱ्या प्रकारच्या जागेवर कायमचे राहता येत नाही. फिरत्या बोटींच्या परवान्यावर एप्रिल २०२४ पासून अधिभारही लागू झाला आहे, तेव्हा जुन्या मालकाने सांगितलेल्या आकड्यांवर हिशेब करू नये.

आजारपण, इंजिनातला बिघाड किंवा कालव्यावर साचलेला बर्फ यांमुळे हलणे शक्य नसेल, तर मुदत संपण्यापूर्वीच ट्रस्टला कळवून वाढीव मुदत मागावी. कारण खरे असेल तर ती मिळते. मागाहून दिलेल्या स्पष्टीकरणाला मात्र तेवढी किंमत राहत नाही.

बोटीत पाणी कोठून येते

कालवा बहुतेक ठिकाणी कमरेएवढाच खोल असतो. तरीही बोटी बुडतात, आणि बुडतात त्या बहुधा बांधलेल्या जागी किंवा लॉकमध्ये. पाणी आत येण्याच्या दोन नेहमीच्या जागा बोटीच्या मागच्या भागात असतात.

पहिली म्हणजे वीड हॅच. बोटीला पाण्यातून ढकलणाऱ्या पंख्याच्या बरोबर वर, इंजिनाच्या खोलीत, पोलादाची एक चौकोनी विहीर असते आणि तिच्यावर घट्ट आवळायचे झाकण. शहरातून जाताना प्लॅस्टिकच्या पिशव्या, दोर, जुने कपडे पंख्याला गुंडाळले जातात. बोटीचा वेग मंदावतो आणि मागे येणारे पाणी गढूळ होऊन उसळते. तसे झाले की बोट काठाला लावावी, इंजिन बंद करून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी आणि मगच झाकण उघडून हात आत घालावा. दातेरी पावसुरी यासाठी महागड्या हत्यारापेक्षा उपयोगी पडते. टोचणाऱ्या तारांसाठी जाड हातमोजे हवेत. खरी खबरदारी यानंतरची आहे. झाकण परत बसवताना त्याच्या कडेची रबरी पट्टी सरकलेली नाही ना हे बोटाने चाचपून पाहावे, आवळणी पूर्ण फिरवावी आणि गिअर टाकून इंजिन मंद गतीने चालवत कडेने पाणी पाझरते का ते पाहावे. विहिरीची कड पाण्याच्या पातळीपेक्षा थोडीच वर असते. झाकण सैल राहिले आणि इंजिन जोरात चालवले, तर पंखा स्वतःच बोटीत पाणी भरू लागतो आणि सुकाणूवर उभ्या असलेल्या माणसाला ते दिसतही नाही.

दुसरी जागा म्हणजे पंख्याचा दांडा पोलादातून बाहेर पडतो तेथली स्टर्न ग्लँड. जुन्या पद्धतीच्या रचनेत तेथे ग्रीस भरलेले पॅकिंग असते. बोट चालू असताना थेंब-थेंब पाणी गळणे मान्य असते, परंतु दिवसाचा प्रवास संपल्यावर ग्रीसची पितळी टोपी हाताला ताण जाणवेपर्यंत फिरवून गळती थांबवावी. बोट सोडून चार दिवस बाहेरगावी जाण्यापूर्वी हे न चुकता करावे आणि तळातील पाणी उपसणारा आपोआप चालणारा पंप खरोखर चालतो का, हे त्याचा तरंगता खटका हाताने उचलून तपासावे.

बोट हाकणे आणि लॉक ओलांडणे

खासगी बोट चालवायला या कालव्यांवर कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही. तरीही रॉयल यॉटिंग असोसिएशनचा एक-दोन दिवसांचा सुकाणूचा वर्ग करणे, किंवा निदान भाड्याची बोट घेऊन एक आठवडा हिंडणे, हे खरेदीच्या आधी करावे. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोटीचे तोंड उजवीकडे जाते, बोट मध्यावर फिरत असल्याने तोंड वळले की शेपूट उलट बाजूला झाडते, आणि बोट मागे घेताना सुकाणूचा उपयोग जवळजवळ होत नाही. बोटीला ब्रेक नसतात. १५ टनांहून जड लोखंड थांबवायचे ते उलटा गिअर टाकून, आणि तेही बरेच अंतर राखून. समोरून बोट आली की आपण उजव्या बाजूने जावे. वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे, पण बांधलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन अगदी मंद करावे, कारण वेगाने जाणाऱ्या बोटीमागून ओढले जाणारे पाणी काठावरच्या खुंट्या उपटून काढते. एखादा माणूस खिडकीतून डोके काढून ओरडू लागला तर तो तुसडा आहे असे समजू नये. बहुधा त्याच्या चुलीवरचे भांडे नुकतेच सांडलेले असते.

काठावर उतरताना उडी मारू नये, मधला दोर हातात घेऊन पाऊल टाकावे. बोट भिंतीवर आदळणार असे दिसले तरी हात किंवा पाय मध्ये घालू नये. रंग पुन्हा देता येतो.

लॉकमध्ये सर्वाधिक जपायचे ते सिलला. वरच्या दरवाजांच्या पायथ्याशी दगडाचा किंवा काँक्रीटचा एक कट्टा लॉकच्या आत पुढे आलेला असतो. लॉक भरलेले असताना तो पाण्याखाली पूर्ण झाकलेला असतो, म्हणून काठावर पांढऱ्या रेघेने त्याची हद्द दाखवलेली असते. खाली उतरताना बोटीचा मागचा भाग या रेघेच्या मागे राहिला, तर पाणी उतरू लागताच शेपूट कट्ट्यावर अडकते, पुढचे टोक मात्र पाण्याबरोबर खाली जात राहते आणि काही मिनिटांत पुढच्या दारातून पाणी आत घुसते. त्यामुळे लॉक रिकामे होत असताना एका माणसाने बोटीवरची नजर हलवू नये, मग पलीकडून कोणी कितीही गप्पा मारू दे. बोट अडकलेली दिसताच खालच्या दरवाजांची सर्व पॅडल, म्हणजे पाणी सोडण्याच्या झडपा, तत्काळ पाडावीत आणि त्यानंतर वरची पॅडल हळूहळू उचलून पाणी पुन्हा भरावे. उतरताना दोर खुंटाला गाठ मारून बांधू नये, कारण बोट दोरालाच लटकते.

वर चढताना धोका वेगळा असतो. आधी जमिनीतली, म्हणजे काठाखालच्या वाटेने पाणी सोडणारी, पॅडल अर्धी उचलावीत, बोट स्थिर झाल्यावर पूर्ण उचलावीत आणि दरवाजातली पॅडल शेवटी. घाई केल्यास दरवाजातून येणारा लोंढा थेट बोटीच्या पुढच्या खोलगट भागात पडतो. पॅडल उचलण्याचा हँडल, म्हणजे विंडलास, कधीही दांड्यावर सोडून देऊ नये. दांडा अडवून धरणारी खिटी निसटली की तो गरगर फिरतो, आणि त्याने दात व मनगटे मोडल्याच्या कथा कालव्यावर हव्या तितक्या ऐकायला मिळतात. एका अरुंद लॉकमधून एकदा जाण्यास सुमारे १ लाख लिटर पाणी खर्च होते. म्हणून समोरून बोट येत असेल आणि लॉक तिच्या बाजूने तयार असेल तर तिला आधी येऊ द्यावे. वूस्टरशायरमधील टार्डबिग येथे अशी ३० लॉक ओळीने आहेत. तेथे दिवसाचे नियोजन वेगळेच करावे लागते आणि मध्येच दमून थांबण्याची फारशी सोय नाही.

ऊब, गॅस आणि वीज

बहुतेक बोटींत धूर न करणाऱ्या कोळशाची लोखंडी शेगडी असते. रात्रभर मंद धगीवर ठेवलेली ही शेगडी आणि थंडी नको म्हणून चिंध्या कोंबून बंद केलेल्या वायुवीजनाच्या जाळ्या, हे संयुक्त संकट आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि डोकेदुखी, मळमळ ही लक्षणे सर्दी-तापासारखी वाटतात. २०१९ पासून सुरक्षा तपासणीत या वायूचा अलार्म आवश्यक ठरला आहे. तो झोपण्याच्या जागेजवळही असावा आणि दर आठवड्याला बटण दाबून तपासावा. शेगडीच्या दाराची दोरी झिजली तर बदलावी, धुराड्याचा सांधा पाहावा, आणि गरम राख झाकणाच्या धातूच्या डब्यात घालून बोटीबाहेर ठेवावी, कारण राखेतूनही हा वायू निघत राहतो.

स्वयंपाकासाठी प्रोपेन घ्यावा. ब्यूटेन कडाक्याच्या थंडीत बाटलीतून बाहेरच येत नाही. दोन्ही वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास ते तळात साचतात. वास आला की बाटली बंद करावी, दारे उघडावीत आणि विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये. तळाच्या पंपाच्या बटणालाही नाही. गॅसचे काम बोटींचा अनुभव असलेल्या नोंदणीकृत कारागिराकडूनच करून घ्यावे. प्रेशर कुकर असेल तर गॅस आणि वाफ दोन्ही वाचतात. वाफेचे महत्त्व पहिल्या हिवाळ्यात खिडक्यांवरून ओघळणारे पाणी गादीखाली शिरले की समजते.

विजेच्या बाबतीत दिवसाचा जमाखर्च कागदावर मांडावा. लेड-ॲसिड बॅटऱ्या निम्म्यापेक्षा अधिक उतरवल्या की लवकर मरतात. विसावलेल्या अवस्थेत १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली आणि १२.२ म्हणजे निम्मी, एवढे लक्षात ठेवून रोज सकाळी दिवे लावण्यापूर्वी आकडा पाहावा. दोन हजार वॉटची विजेची किटली इन्व्हर्टरवर लावली तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून १६० अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह खेचला जातो. चहा गॅसवर करावा. चटणी वाटण्यापुरता मिक्सर चालतो, कारण तो मिनिटभरच फिरतो. सौर पट्ट्या जूनमध्ये पुरून उरतात आणि डिसेंबरमध्ये जवळजवळ शोभेच्या असतात, त्यामुळे हिवाळ्यात इंजिन चालवूनच बॅटऱ्या भराव्या लागतात. बांधलेल्या बोटीचे इंजिन रात्री ८ ते सकाळी ८ या वेळात चालवू नये, असा परवान्याचा नियम आहे.

पाणी आणि संडास

टाकीची क्षमता आणि माणसांची सवय यांवर अवलंबून पाणी एक ते तीन आठवडे पुरते. ट्रस्टच्या नळांवर आणि कुलूपबंद सोयींमध्ये जाण्यासाठी लागणारी किल्ली व पुरेशी लांब नळी बोटीवर असावी. वाटेतली बोट नळावर पाणी भरत असेल तर रांगेत थांबावे, आणि टाकी भरल्यावर तेथेच जेवायला बसू नये.

संडासाचे तीन प्रकार असतात. टाकीवाला संडास पंपाने उपसून घ्यावा लागतो आणि त्याचे पैसे पडतात. गोठलेल्या कालव्यात बोट अडकली असताना टाकी भरली, तर काही उपाय राहत नाही. सुमारे २० लिटरची सुटी पेटी असलेला प्रकार दोघांना तीन-चार दिवस पुरतो, ती पेटी ठरलेल्या जागी जाऊन स्वतः रिकामी करावी लागते. जास्तीची एक पेटी ठेवली की कोणताही प्रसंग निभावतो, म्हणून नवख्याने हाच निवडावा. घन आणि द्रव वेगळे करणारा कोरडा संडास पर्यावरणप्रेमींना आवडतो, मात्र त्यातील ऐवज ट्रस्टच्या कचराकुंडीत टाकण्यास आता परवानगी नाही, त्यामुळे तो कुजवण्याची स्वतःची सोय असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

मोरीचे आणि न्हाणीचे पाणी मात्र थेट कालव्यात जाते. म्हणून फोडणीचे उरलेले तेल कागदाने पुसून कचऱ्यात टाकावे. कालव्याच्या पाण्यात उंदरांच्या मूत्रामुळे लेप्टोचे जंतू असू शकतात. मुंबईच्या पावसाळ्यात या रोगाचे नाव ऐकलेल्यांना अधिक सांगायला नको. हाताला जखम असताना वीड हॅचमध्ये हात घालू नये, आणि पाण्याशी संबंध आल्यानंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना बोटीवर राहतो असे आवर्जून सांगावे.

पत्ता नसलेल्या माणसाची कागदपत्रे

इंग्लंडमध्ये दवाखान्यात नाव नोंदवण्यासाठी पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही, स्वागतकक्षात कोणी तसे म्हटले तरी नम्रपणे आग्रह धरावा. कायमचा पत्ता नसलेल्यांना एखाद्या भागाशी असलेला संबंध जाहीर करून मतदार म्हणून नाव नोंदवता येते, आणि तेथे कायदेशीररीत्या राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून ही सोय लागू आहे. बँक आणि विमा यांच्या पत्रांसाठी मात्र एखाद्या स्नेह्याचा पत्ता लागतोच. त्याची परवानगी आधी घ्यावी.

नोव्हेंबर ते मार्च या काळात ट्रस्ट लॉकची दुरुस्ती काढतो आणि काही टप्पे आठवडेच्या आठवडे बंद असतात. त्यांची यादी शरद ऋतूतच जाहीर होते. ती पाहून कोळसा, डिझेल आणि पाणी कोठे मिळेल आणि बोट कोणत्या बाजूला अडकलेली चालेल, हे ठरवावे. बोट सोडून जाणार असाल तर नळ उघडे ठेवून पाण्याचा पंप बंद करावा आणि गरम पाण्याची टाकी रिकामी करावी. बर्फ फोडत बोट नेऊ नये, कारण त्याच्या धारेने पाण्याच्या रेषेवरचा काळा लेप खरवडला जातो. हा डांबरी लेप दोन ते चार वर्षांनी बोट बाहेर काढून पुन्हा द्यावा लागतो आणि त्याच वेळी पोलादाऐवजी स्वतः झिजणारे मॅग्नेशियमचे ठोकळे, म्हणजे अ‍ॅनोडही, बदलायचे असतात. चांगल्या गोदींतील उन्हाळ्याच्या तारखा फार आधी भरतात, तेव्हा नोंदणी हिवाळ्यातच करून ठेवावी.